हरता न येणारा खेळगडी

संगणकाला बुद्धिबळात हरता येत नाही, ही माझी त्याच्याविरुद्धची जुनी तक्रार आहे. जिंकता येतं, त्याबद्दल वादच नाही. मे 1997 मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लूने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन-अडीच गुणांनी हरवलं, तेव्हाच तो प्रश्न मिटला. सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासणारं ते धूड होतं. आज फोनमधला फुकटचा स्टॉकफिश प्रोग्रॅम त्यालाही लोळवेल. पण लहान मुलासमोर बसून, त्याला कळू न देता, नीटस हरणं? तिथे या यंत्रांचं पितळ उघडं पडतं.

गेल्या उन्हाळ्यात भाची सांगलीला आली होती, तेव्हा तिच्या मागे उभा राहून मी हे पाहिलं. लॅपटॉपवर तिने सगळ्यात सोपी पायरी निवडली होती. यंत्राने सुरुवातीच्या चाली पंडितासारख्या केल्या. घोडे बाहेर, उंट मोक्याच्या कर्णावर, किल्लेकोट. आणि मग एकाएकी आपला वजीर उचलून तिच्या प्याद्याच्या माऱ्यात आणून ठेवला. ना कारण, ना धांदल. पोरीने तो प्याद्याने मारला, पण चेहऱ्यावर आनंद नाही. म्हणाली, "मामा, यानं मुद्दाम दिला की!"

आठ वर्षांच्या पोरीला जे कळतं ते खरंच असतं. ही यंत्रं मुळात उत्तम चाल शोधायला बांधलेली. त्यांना कच्चं करायचं तर साधारण दोनच वाटा: फार पुढचं बघू द्यायचं नाही, नाहीतर मधूनच हाताला धरून वाईट चाल करायला लावायची. चूक होते, पण ती कुणाची चूक नसते. माणूस चुकतो तो हल्ल्याच्या भरात, घाईत, नाहीतर पटाच्या एका कोपऱ्यात गुंतून दुसरा विसरल्यामुळे. त्या चुकीला आगापीछा असतो, म्हणून ती पकडण्यात मजा असते.

गंमत अशी, की या खेळाची पहिली यांत्रिक पावलं हरण्यातच पडली होती. ॲलन ट्युरिंगने बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला खरा, पण तो चालवू शकेल असं यंत्रच तेव्हा नव्हतं. 1952 मध्ये कागद-पेन्सिल घेऊन तो स्वतःच यंत्र झाला. एकेका चालीच्या आकडेमोडीला अर्धा अर्धा तास. डाव तो 29 चालींत हरला. अस्सल हरला. समोरच्या ॲलिक ग्लेनीला त्या विजयाची लाज वाटायचं कारण नव्हतं.

आमच्या गावभागातल्या घरात हरण्याचं खातं आजोबांकडे, म्हणजे अप्पांकडे होतं. दुपारची झोप झाली की ओसरीवर पट यायचा, शेजारी वाटीत भडंग. अप्पा वजीर काढून खेळत नसत. तशी सवलत त्यांना अपमान वाटे. ते पूर्ण सैन्य मांडत आणि मग माझ्या एका घोड्याला वाट करून देत. राजा एका घराने सरकवत, हत्ती असा ठेवत की घोडा एका विशिष्ट घरात गेला तर एकाच वेळी दोघांवर मारा बसावा. मग भडंगातला शेंगदाणा शोधण्यात गढून जात. मी घोड्याला हात लावला की मान वर न करता म्हणत, "हात लागला. आता तोच खेळायचा." ती चाल मला सापडेपर्यंत कितीही वेळ गेला तरी चालायचं. सापडली की ते कपाळाला हात लावून "मेलो की!" म्हणत. त्यात किती नाटक होतं ते त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. नाट्यपंढरीचेच रहिवासी ते.

सांगलीला बुद्धिबळाचीही पंढरी म्हणतात, आणि ते पोकळ कौतुक नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून इथे पिढ्या घडवल्या. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती ठरलेली, 1987 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी भाग्यश्री साठे-ठिपसे इथली. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटेही इथलीच. 1974 साली बंगळूरला झालेली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकणारी वासंती खाडिलकर आणि तिच्या बहिणी जयश्री, रोहिणी मुंबईच्या. पण पणजोबा नाटककार कृ. प्र. खाडिलकर सांगलीत जन्मलेले, म्हणून सांगलीकर त्यांनाही आपल्यातच धरतो. माझं मत असं, की गावात एखादा महान खेळाडू असून भागत नाही. प्रत्येक पोराला त्याच्याहून थोडाच वरचढ असलेला कुणीतरी लागतो. आज हरवणारा, पण पुढच्या महिन्यात हरवता येईलसा वाटणारा. असे मधले खेळाडू गावात मुबलक असले की वरचे आपोआप निघतात.

अप्पांना जुना देशी खेळही येत होता. त्यात प्यादं एकेकच घर चालायचं, आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची. पण मला आवडायचा तो बुर्ज. समोरच्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा एकटा पाडलात, तर बुर्ज झाला; डाव बरोबरीत. म्हणजे पुरतं जिंकायचं तर शत्रूचं निदान एखादं प्यादं तरी जपायचं, आणि मात द्यायची. देशात स्पर्धांची घडी बसली, 1955 मध्ये एलुरूला पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद झालं, तसे आंतरराष्ट्रीय नियम घराघरांत आले. संगणकावर खेळ आला तो याच नियमांचा. घरोघरचे पाठभेद मिटले हे स्पर्धेच्या दृष्टीने बरंच झालं. बुर्ज गेला याचं मला वाईट वाटतं.

पडद्यावर शिकलेल्या मुलांची आणखी एक गोष्ट. यंत्र चुकीची चाल करूच देत नाही. राजाला शह असताना दुसरं काही उचललं की ते मोहरा मुकाट जागेवर परत ठेवतं. प्यादं शेवटच्या घरात गेलं की काही ठिकाणी वजीर आपोआप. मग ही मुलं लाकडी पटावर येतात, शह बघायचा राहतो, घड्याळाची कळ दाबायची राहते. स्पर्धेत पहिल्या बेकायदा चालीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, दुसरीला डाव जातो. यात मुलांचा दोष नाही. राजावर नजर ठेवायचं काम इतके दिवस दुसरंच कुणी करत होतं.

हे सगळं म्हणून मी यंत्राचा वैरी नव्हे. खेड्यातल्या एकट्या पोराला रात्री अकरा वाजता जोडीदार मिळतो, ही लहान गोष्ट नाही. हरलेल्या डावात नेमकं कुठे घसरलो हे ते जितकं निर्विकारपणे दाखवतं, तितकं कुठलाही मामा दाखवणार नाही. आणि हरण्याचा अभ्यासही आता सुरू झाला आहे. 2020 मध्ये टोरंटो, कॉर्नेल आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी माया नावाचं इंजिन आणलं. ते उत्तम चाल शोधत नाही. लाखो साध्यासुध्या माणसांचे डाव पाहून, या पातळीचा माणूस इथे काय खेळेल याचा अंदाज बांधतं. त्याच्या चुका बऱ्याच माणसासारख्या असतात. भाचीला ते लावून दिलं. "हा बरा आहे," म्हणाली. अप्पांच्या जवळपास आलंय, पण "मेलो की!" अजून नाही जमत.

तोवर हे काम घरातल्या मोठ्यांनीच करायचं आहे. सुट्टीत पोरांना घेऊन सांगलीला आलात तर जरूर या. पट आमच्याकडे आहे, हरायला मी आहे. भडंग तेवढं तुम्ही आणा.