काकीच्या दुपारच्या मालिका

दुपारी एक ते चार ह्या वेळेत गोव्यात कुणाच्या दारात जाऊ नये, हा इथला अलिखित कायदा. दुकानं बंद, रस्ते सुने, माणसं हुमण-शीत जेवून आडवी झालेली. पण ही सुशेगाद दुपार घरातल्या बाईच्या वाट्याला कधी पूर्ण यायची नाही. भांडी घासून, ओटा पुसून, अंगणातली सोलं परतून झाली की मग कुठे ती टेकायची. आमच्या घरात काकी अशी टेकायची ती 'शांती' बघायला. साल १९९४. दूरदर्शनवर रोज दुपारी लागणारी ही मालिका, मंदिरा बेदी त्यातली शांती. पुढच्या वर्षी 'स्वाभिमान' आली आणि काकीची दुपार आणखी थोडी लांबली.

मी तेव्हा दहावीत. घरात कोकणी आणि पुस्तकं मराठी, अशा आपल्याकडच्या नेहमीच्या घरातला मुलगा. चार कादंबऱ्या वाचल्यामुळे शिंगं फुटलेली. "काकी, ह्यात रोज तेच तेच तर असतं!" असं मी म्हणायचो. काकी नजर न हलवता म्हणायची, "ओगी राव रे!" मी गप्प बसायचो आणि, खोटं कशाला सांगू, मीही बघायचो.

त्याआधी शेजारी, गल्फला असलेल्या कुटुंबाकडे केबल आली होती. तिथे स्टार प्लसवर 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' नावाची अमेरिकन मालिका लागायची. काकीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तरी कथा तिला माझ्याहून जास्त कळायची! त्यातल्या स्टेफनीला ती 'सासूबाई' म्हणायची. ब्रूक आधी मुलाच्या प्रेमात पडते आणि मग बापाशी लग्न करते, ह्यावर तिने दोन दिवस पदर तोंडाला लावला होता. तिसऱ्या दिवशी मात्र वेळेवर हजर.

भाषा न कळता बाईला मालिका कशी कळते, ह्याचं मला फार नवल वाटायचं. उत्तर खूप वर्षांनी वाचनात सापडलं. ह्या मालिकांचा जन्मच मुळी हाताने काम करत कानाने ऐकणाऱ्या बाईसाठी झाला होता.

गोष्ट सुरू होते शिकागोत. अर्ना फिलिप्स नावाची एक अविवाहित शिक्षिका. १९३० साली तिथल्या डब्ल्यूजीएन रेडिओ केंद्रावर तिची 'पेंटेड ड्रीम्स' सुरू झाली. रोज थोडी थोडी पुढे सरकणारी घरगुती कथा. ती चालली, तशी बाईंनी मोठ्या नेटवर्कवर नेऊ म्हटलं. केंद्राने नकार दिला. मालिका कुणाची, लिहिणाऱ्या बाईची की केंद्राची, हा वाद कोर्टात गेला आणि बाई हरल्या. त्यांनी नवी मालिका काढली, आणि २५ जानेवारी १९३७ रोजी सुरू केली 'द गायडिंग लाइट'. ती रेडिओवरून १९५२ साली टेलिव्हिजनवर आली आणि १८ सप्टेंबर २००९ रोजी संपली. बहात्तर वर्षं! आमच्याकडे इतक्या काळात पोर्तुगीज गेले, मुक्ती झाली, ओपिनियन पोल झाला, घटक राज्य झालं, आणि ती मालिका चालूच होती.

मंडळी, 'सोप ऑपेरा' हे नावही गमतीचं. पैसे साबणवाल्यांचे. प्रॉक्टर अँड गॅम्बल, कोलगेट-पामोलिव्ह, लीव्हर ब्रदर्स. कपडे धुणारी, भांडी घासणारी बाई दुपारी घरी असते, तिच्या कानावर साबणाचं नाव रोज घालायचं, तर तिने रोज रेडिओ लावायला हवा. म्हणून कथा रोजची आणि न संपणारी. प्रॉक्टर अँड गॅम्बल तर नुसते जाहिरातदार नव्हते. 'गायडिंग लाइट' आणि 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' ह्या मालिकांची मालकीच त्यांच्याकडे होती. म्हणजे कोणत्या पात्राने काय बोलावं, ह्यावर साबण कंपनीचा शब्द शेवटचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्नाबाई स्वतः टंकलेखन करत नसत. सगळ्या पात्रांचे आवाज काढत त्या संवाद सांगायच्या आणि सेक्रेटरी उतरवून घ्यायची. म्हणूनच ती भाषा कानाची. कुणी महत्त्वाचं बोललं की दुसरं पात्र तेच पुन्हा विचारतं, म्हणजे इस्त्री करता करता आत जाऊन आलेल्या बाईचं काही चुकत नाही. टेलिव्हिजनवर तीच सवय आली आणि जोडीला चेहऱ्याचे क्लोजअप. माझ्या काकीला इंग्रजी येत नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते. त्याचं शिक्षण तिने एकत्र कुटुंबात घेतलं होतं.

२ एप्रिल १९५६ रोजी अर्नाबाईंची 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' सुरू झाली. तोवर मालिकेचा भाग पंधरा मिनिटांचा असे, हा अर्ध्या तासाचा. सुरुवातीला प्रतिसाद थंड होता. पण दोनेक वर्षांत ती दुपारच्या मालिकांत पहिली आली आणि जवळजवळ वीस वर्षं पहिलीच राहिली. २२ नोव्हेंबर १९६३ च्या दुपारी हीच मालिका थेट प्रक्षेपित होत होती, तेव्हा मध्येच पडद्यावर पाटी आली आणि वॉल्टर क्रॉन्काइटचा आवाज, केनेडींवर गोळ्या झाडल्याचा. स्टुडिओतल्या नटांना पत्ताच नव्हता. ते आपले संवाद म्हणत राहिले. त्या देशातल्या कितीतरी गृहिणींना ती बातमी अशी, मालिका बघता बघता कळली.

आता आकड्यांकडे येतो. मी सरकारी कारकून, आकड्यांशी माझं रोजचं देणं-घेणं. नील्सन कंपनी काही ठरावीक घरांत यंत्र बसवायची. टेलिव्हिजन असलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत ती मालिका लागली होती, ते रेटिंग. आणि त्या वेळेला ज्यांचे संच चालू होते, त्यांतल्या शंभरात किती, तो शेअर. पण ते जुनं यंत्र फक्त एवढंच सांगायचं की संच चालू आहे आणि अमुक चॅनल लागलंय. समोर कोण बसलंय, आजी की सून की नुसतीच मांजर, हे त्याला कळत नव्हतं. माणसागणिक नोंद करणारं 'पीपल मीटर' अमेरिकेत देशपातळीवर आलं ते १९८७ साली. नंतर तर जाहिरातदारांनी आणखी गाळणी लावली. बायका हव्यात, पण अठरा ते एकोणपन्नास वयाच्या. पन्नाशी ओलांडली की जन्मभर मालिका बघितलेली बाईसुद्धा हिशेबातून बाहेर!

आकडे माणसाकडून काय करवून घेतात, ह्याचं एक उदाहरण सांगतो. एबीसीची 'जनरल हॉस्पिटल' १९७८ साली बंद पडायच्या बेतात होती. ग्लोरिया माँटी नावाच्या निर्मातीने सूत्रं हातात घेतली, कथेचा वेग वाढवला. १९७९ साली त्यात ल्यूक हा लॉरावर बलात्कार करतो असं दाखवलं. पण नटांची जोडी लोकांना आवडली. आकडे वर चढले. मग काय, लेखकांनी त्या प्रसंगाला हळूहळू प्रेमाचा रंग दिला, मूळ शब्द मागे पडला आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये दोघांचं लग्न लावून दिलं. एलिझाबेथ टेलर खास भूमिकेत आली. तीन कोटी प्रेक्षक! अमेरिकन दुपारच्या मालिकांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आकडा. त्या प्रसंगाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायला त्याच मालिकेला १९९८ उजाडावं लागलं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो, ती.

२०१६ च्या सप्टेंबरात ॲग्नेस निक्सन ही लेखिका वारली. तिचा मृत्युलेख मी वाचत होतो. ही अर्नाबाईंची शिष्या. तिच्या वडिलांचा प्रेताला घालायच्या कपड्यांचा धंदा होता आणि मुलीने त्यात यावं अशी त्यांची इच्छा. लेखनाचं खूळ डोक्यातून जावं म्हणून त्यांनीच तिची अर्नाबाईंशी भेट ठरवली. बाईंनी तिचं लेखन वाचलं आणि तिथल्या तिथे नोकरी दिली. पुढे 'वन लाइफ टू लिव्ह' आणि 'ऑल माय चिल्ड्रन' ह्या तिच्याच मालिका.

पण १९६२ साली ती 'गायडिंग लाइट' लिहीत होती. तिची एक मैत्रीण कर्करोगाने गेली होती. तिच्या मनात आलं, मालिकेतल्या बर्ट बाऊअर ह्या सगळ्यांच्या लाडक्या गृहिणीला गर्भाशयाचा कर्करोग होतो, पण पॅप चाचणीमुळे तो वेळेत कळतो आणि ती वाचते, असं दाखवावं. नेटवर्क आणि साबण कंपनी दोघेही बिचकले. शेवटी परवानगी मिळाली ती एका अटीवर. 'कर्करोग', 'गर्भाशय' आणि 'गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया' हे शब्द उच्चारायचे नाहीत. बाईने ते शब्द न वापरता ती सगळी कथा लिहिली. बघणाऱ्या बायकांना कळायचं ते कळलं. त्या डॉक्टरकडे गेल्या, चाचणी करून घेतली आणि तशी पत्रंही पाठवली.

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं, कारण मला काकी आठवली.

आमच्याकडे कुठल्या कंपनीने अट घातली नव्हती. तरी आमच्या घरातही ते शब्द नव्हते. 'पिशवीचा त्रास' एवढंच. तोही बायकांनी बायकांत, आतल्या खोलीत, आवाज खाली करून. काकीची पाळी जाऊन काही वर्षं झाली होती आणि तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. वर्षभर तिने कुणाला सांगितलं नाही. उन्हाळ्याची उष्णता असेल म्हणून कोकमाचं पाणी पीत राहिली. आईला कळलं ते दोरीवरची फडकी बघून. डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झालेला होता. १९९८ च्या पावसाळ्यात ती गेली. मी तेव्हा कॉलेजात, आणि ती कशाने गेली हे मलाही धड कुणी सांगितलं नाही. 'पिशवीचं' एवढंच ऐकलं.

मालिकेने तिला वाचवलं असतं असा माझा दावा नाही. पण ज्या बाईने डॉक्टरला, नवऱ्याला, सख्ख्या जावेलाही सांगितलं नाही, ती रोज दुपारी एका पडद्यासमोर जीव लावून बसत होती. तिच्यापर्यंत पोचणारी ती एकच वाट होती. त्या वाटेने साबण आला, तेल आलं, सासवा-सुना आल्या. हे एक तेवढं आलं नाही. आणि मी तिच्या बाजूला बसून नाक मुरडत होतो की ह्यात वाङ्मय कुठे आहे.

एक गोष्ट माझ्यातल्या कारकुनाला आणखी लागली. अमेरिकेतल्या ह्या मालिकांचे साठ-सत्तरच्या दशकांतले असंख्य भाग आज अस्तित्वातच नाहीत. टेपा महाग, म्हणून भाग दाखवून झाला की पुसायचा आणि त्याच टेपेवर दुसरं चित्रित करायचं. रेटिंगचे आकडे जपून ठेवले, मालिका पुसल्या. आमच्या कार्यालयातही मुदत संपलेल्या फायली नष्ट होतात, पण निदान त्यांची यादी तरी उरते.

त्या मालिकाही आता थोड्याच उरल्या आहेत. 'गायडिंग लाइट' २००९ साली गेली, 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' २०१० साली, 'ऑल माय चिल्ड्रन' २०११ साली. बाई नोकरीला बाहेर पडली, दुपारचं घर रिकामं झालं. १९९५ साली ओ. जे. सिम्प्सनच्या खटल्याच्या थेट प्रक्षेपणाने मालिकांच्या वेळा खाल्ल्या आणि गेलेले प्रेक्षक सगळे परतले नाहीत. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीएसने 'बियाँड द गेट्स' ही नवीन मालिका दुपारीच सुरू केली. म्हणजे ती वेळ अगदीच मेलेली नाही.

आपल्याकडे मोजणीचं काम २०१५ पासून 'बार्क' करते. त्यांच्या तक्त्यात 'महाराष्ट्र/गोवा' ही एकच बाजारपेठ. १९६७ साली मतदान करून आपण वेगळे राहिलो, आणि टीव्हीवाल्यांनी मधे एक तिरकी रेघ मारून विलीनीकरण करून टाकलं! हसायला येतं खरं, पण त्या तिरक्या रेघेच्या मागे आपल्या दुपारी किती आणि कोण बसलंय, हे त्या तक्त्यातून कळत नाही.

असो. मृत्युलेख वाचला त्या रात्री जेवताना मी बायकोला आणि माहेरपणाला आलेल्या बहिणीला सगळं सांगितलं. बर्टची गोष्ट, काकीची गोष्ट, चाचणीचं नाव. 'पिशवी' न म्हणता नीट गर्भाशय म्हटलं. दोघी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. बहीण म्हणाली, "दादा, हे सगळं तू जेवणाच्या पानावर बोलतोयस?"

मी म्हटलं, "मग कुठे बोलू?"

पुढच्या आठवड्यात दोघी मिळून जाऊन आल्या. दोघींचंही ठीक निघालं. काकीचा तो बसायचा पाट अजून आमच्याकडे आहे, टीव्हीच्या खोलीतच.