ब्रीफिंगमधला कांदा

परराष्ट्र मंत्रालयाची साप्ताहिक पत्रकार परिषद मी प्रवरेकाठच्या अकोले गावात मोबाइलवर ऐकतो. जिल्ह्याच्या पेपरात माझं परराष्ट्र विषयावर सदर असतं. एरवी बाजार समितीतले भाव आणि प्रवरेच्या आवर्तनाच्या बातम्या. 'कळसूबाईवर चढून दिल्ली बघतो,' असं मित्र चिडवतात. चिडवू देत. आमच्या गावरान कांद्याचं गिऱ्हाईक ढाक्यात आणि दुबईत बसलेलं आहे. ढाक्याबद्दल दिल्ली काय बोलते, हे ऐकणं इथं हौसेचं काम नाही.

ऐकण्याची एक रीत आहे. प्रवक्ते आधी दौऱ्यांच्या घोषणा करतात, मग प्रश्न घेतात. एकाच विषयावरचे चार-पाच प्रश्न एकत्र घ्यायचे आणि उत्तर एकदाच द्यायचं, अशी तिथली पद्धत. नवखा वार्ताहर ते उत्तर टिपून मोकळा होतो. मी प्रश्नही लिहून घेतो. कारण त्या गठ्ठ्यातला सगळ्यात अडचणीचा प्रश्न अलगद विरून जातो, आणि तो राहिला हे त्या वेळी कुणाच्या ध्यानातही येत नाही. मग मागच्या आठवड्याचं उत्तर शेजारी ठेवायचं. 'परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे' या वाक्याची सगळे टिंगल करतात. पण गेल्या वेळी लक्षासोबत चिंताही होती आणि आज नुसतं लक्ष उरलं असेल, तर मधल्या काळात काहीतरी हललेलं असतं. त्याचा माग काढायचा. प्रवक्ता टाळाटाळ करतो म्हणून चिडण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. ठरलं तेवढंच बोलण्यासाठीच त्याला तिथं उभं केलेलं असतं.

आणि न सांगितलेला आकडा आपण घालायचा नाही. 26 फेब्रुवारी 2019 रोजी बालाकोटच्या कारवाईचं निवेदन परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी वाचलं. मराठी माणूस त्या जागी उभा, म्हणून आमच्याकडे अभिमानाला उधाण आलं होतं. निवेदनात दहशतवादी 'फार मोठ्या संख्येने' मारले गेले, एवढंच होतं. संध्याकाळपर्यंत वाहिन्यांवर तीनशे, साडेतीनशे असे आकडे फिरू लागले. गोखल्यांच्या कागदावर ते नव्हते.

कांद्याच्या बाबतीत मात्र उलटं झालं. तिथं आकडा खरा होता, बातमी खोटी ठरली.

8 डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी होती. मित्रदेशांची मागणी आली की परराष्ट्र मंत्रालय शिफारस करायचं आणि ठरावीक कांदा सरकारी मार्गाने बाहेर जायचा. 27 एप्रिल 2024 रोजी ग्राहक व्यवहार मंत्रालयाचं पत्रक आलं: सहा देशांना 99,150 टन निर्यातीला परवानगी. मोबाइलवर मेसेज धावले, 'निर्यात सुटली!' लिलावात गोण्यांच्या थप्पीशी उभे असलेले एक बाबा मला विचारत होते, "भाऊ, आता तरी भाव निघंल ना?" व्यापारी गोणीत हात घालून कांदा वर काढत होता आणि पुकारा कालच्याच भावाचा चालला होता. व्यापाऱ्याला कळलं होतं ते मला बेरजेनं कळलं. जुन्या अधिसूचना काढून हिशोबपट्टीच्या मागं मांडल्या. बांगलादेश 50,000. संयुक्त अरब अमिराती 14,400, त्यावर दोनदा दहा-दहा हजार. श्रीलंका 10,000, बहारीन 3,000, मॉरिशस 1,200, भूतान 550. बेरीज बरोबर 99,150. म्हणजे एक टनही नवा नव्हता. आधी दिलेल्या परवानग्यांची ती गोळाबेरीज होती. मी मथळा दिला, 'जुन्याच परवानग्या, बंदी कायम'. असा मथळा कुणाला आवडत नाही, आणि बाबांना तर नाहीच आवडला.

बंदी उठली ती 4 मे रोजी, तीही टनाला 550 डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. आमच्या शिर्डी मतदारसंघाचं मतदान 13 मे रोजी होतं. या दोन तारखा मी बातमीत शेजारी ठेवल्या, टिप्पणी केली नाही.

शेजारच्या देशालाही अशा बातम्या आमच्यासारख्याच अवचित कळतात. 2019 च्या सप्टेंबरअखेर बंदी आली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत हसत हसत म्हणाल्या, स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस म्हणून सांगितलंय; पुढच्या वेळी आधी कळवा. सभागृह हसलं. पंतप्रधानांनी उद्योजकांच्या मेळाव्यात, विनोदाच्या आडून केलेली ती तक्रार होती. माझ्या लेखी त्या दौऱ्यातली आमच्या तालुक्यापुरती खरी बातमी तीच.

त्या चाळीसातलं शेवटी उरलेलं 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025 पासून गेलं. तेही परराष्ट्र मंत्रालयाच्या मंचावरून नव्हे, ग्राहक व्यवहारच्या पत्रकातूनच जाहीर झालं. तेव्हा पुन्हा कधी 'निर्यात सुटली' असा मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला अधिसूचनेची तारीख विचारा. ती हातात येईपर्यंत कांद्याची चाळ फोडू नका.