वेष्टनावरची चिठ्ठी

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. त्या आम्ही कॉलेजच्या मुलींना भाड्याने देतो. भंवरकुआं जवळ, विद्यापीठाचा खंडवा रोडवरचा परिसरही जवळ, त्यामुळे खोल्या रिकाम्या अशा राहतच नाहीत. कुणी खरगोनची, कुणी बडवानीची, कुणी धारची. बऱ्हाणपूरची एक आली ती घरात मराठी बोलणारी. बाकीच्या मला आंटी म्हणतात, ही पहिल्या दिवसापासून काकू म्हणायला लागली. साहजिकच तिच्यावर माझा जीव जरा जास्त जडला.

नोव्हेंबर महिना होता. आमची जेवणं दिवस मावळायच्या आत उरकतात, त्यामुळे सातनंतर मी मोकळी असते. चातुर्मास संपून वाचनाची पुस्तकं नीट लावत बसले होते. ही जिना उतरून आली आणि दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले.

"काकू, सगळ्यांचं हॉल तिकीट आलं. माझं नावच नाही."

'स्वयम्' या सरकारी वेबसाइटवर तिने एक अभ्यासक्रम घेतला होता. बारा आठवडे रात्री जागून व्हिडिओ पाहिले, दर आठवड्याचे प्रश्न सोडवले, मार्कही चांगले पडले. पण परीक्षेचा अर्ज वेगळा भरायचा असतो, त्याची फी वेगळी असते, हे तिला ठाऊकच नव्हतं. 'एनरोल'चं बटण दाबलं म्हणजे सगळं झालं, असं ती धरून चालली. अर्जाची मुदत कधीच निघून गेली होती.

"अगं, पण सूचना आली असेल ना?"

"आली असंल काकू. पण ईमेल दादाचा आहे. दादा बघतच नाही."

तिचा स्वतःचा ईमेल नव्हता. प्रवेशाच्या घाईत भावाचाच दिला होता. भाऊ बऱ्हाणपुरात दुकानावर बसतो. बारा आठवडे सगळी पत्रं त्याच्या फोनमध्ये येऊन पडत होती, आणि त्याच्या लेखी ती कसल्यातरी जाहिराती होत्या.

तसं बघितलं तर एका विषयाचे क्रेडिट बुडाले, पुढच्या सत्रात भरून काढता आले असते. पण घरी कळल्यावर वडील म्हणाले, घरी बसूनच शिकायचं असेल तर इंदूरचं भाडं कशाला? इथेच ये. मामांनी एक स्थळही सुचवलं होतं म्हणे. ती रडत होती ती एवढ्यासाठी.

मी काय मदत करणार? मी सोलापूरची, मराठी घेऊन बी.ए. झालेली. मुलगा शिकवून गेला म्हणून व्हॉट्सअॅप येतं आणि विजेचं बिल भरता येतं, तेवढंच. पण तिला तशीच वर पाठवणं जिवावर आलं. म्हटलं, "बैस. मला दाखव बरं, हे आहे तरी काय?"

तिने लॅपटॉप आणला. मी एकेक अडाणी प्रश्न विचारत गेले. हे सगळं फुकट आहे का? मग फी कशाची? हे शिकवतं कोण? ही पाटी इथे कशाला? सांगता सांगता तीच थांबायची आणि म्हणायची, "काकू, हे मी पण कधी उघडून पाहिलं नव्हतं." रात्री दहापर्यंत आम्ही दोघींनी ते सगळं घर धुंडाळलं.

तेव्हा मला कळलं ते असं. हे 'स्वयम्' 9 जुलै 2017 ला तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुरू झालं. एका छपराखाली अनेक संस्था आहेत. शाळेच्या वर्गांसाठी एनसीईआरटी, मुक्त विद्यालयासाठी एनआयओएस, दूरशिक्षणासाठी इग्नू, आणि अभियांत्रिकीसाठी एनपीटीईएल. हे एनपीटीईएल आयआयटी आणि बंगळूरूच्या आयआयएससीने 2003 सालीच सुरू केलेलं. अभ्यासक्रमाचे चार भाग: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःला तपासण्याचे प्रश्न आणि शंका विचारायची जागा. शिकणं फुकट, पैसे लागतात ते परीक्षेचे, आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते. कॉलेज मान्य करत असेल तर त्याचे क्रेडिट पदवीत धरतात. 2021 च्या यूजीसीच्या नियमाप्रमाणे एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय असे घेता येतात.

एवढं मोठं भांडार! आणि आमची पोर दारातच अडकलेली.

मला माझी आजी आठवली. सोलापूरला आमच्या मंदिरात शास्त्रांचं एक लाकडी कपाट होतं. प्रत्येक पोथी कापडी वेष्टनात गुंडाळलेली, वर दोरी, दोरीला चिठ्ठी. वर्षातून एकदा, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, ती सगळी शास्त्रं बाहेर काढायची, झटकायची, नवीन वेष्टनात बांधायची. आजी त्या कामात पुढे. तिला जेमतेम सही करता यायची. पण बाहेरगावचे पंडित आले आणि एखादा ग्रंथ सापडेना, की तिलाच बोलावणं यायचं. "वरून दुसरा कप्पा, पिवळं वेष्टन, डावीकडून चौथं." ग्रंथात काय आहे ते पंडितांना माहीत, ग्रंथ कुठे आहे ते आजीला माहीत. लहानपणी मला याची गंमत वाटायची. त्या रात्री वाटलं, आजीचं काम आपल्याला जमण्यासारखं आहे.

जानेवारीत नवं सत्र सुरू झालं. रविवारी दुपारी चारही मुलींना मी जेवणाच्या टेबलाशी बसवलं. पोहे केले, वर इंदुरी शेव, आणि एक कोरी वही मध्ये ठेवली. म्हटलं, जे सापडेल ते इथे लिहायचं. ज्याला त्याला आपल्या शब्दांत.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. पहिल्या पानावर बऱ्हाणपूरकरणीच्या अक्षरात: "ईमेल स्वतःचा. नाव मार्कशीटवर आहे तस्संच." त्याखाली: "विषय घेण्याआधी कॉलेजात विचारा, चालेल का. कोर्सचा कोड लिहून न्या." मग लाल शाईत, दोनदा अधोरेखित: "एनरोल वेगळं, परीक्षेचा अर्ज वेगळा." पुढच्या पानावर रेघा मारून बारा आठवडे, प्रत्येकासमोर प्रश्न देण्याची शेवटची तारीख. धारच्या मुलीने एनपीटीईएलचा विषय घेतला होता. तिने लिहिलं, "बारापैकी चांगले आठ धरतात, पण म्हणून चार सोडायचे नाहीत." कुणीतरी खाली चेहरा काढला आहे, जीभ बाहेर काढलेला.

बडवानीची मुलगी काही बोलायचीच नाही. पोहे खायची, मान हलवायची. दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी मीच म्हटलं, "बेटा, मुझे इसमें कुछ समझ नहीं आया, तुम बताओ." तिने पहिल्या आठवड्याचा व्हिडिओ लावला. शिकवणाऱ्या बाईंचं इंग्रजी भरभर चाललेलं. ती हळूच म्हणाली, "आंटी, मुझे भी नहीं आया." सगळ्या हसल्या, आणि तीही हसली. मग शोधल्यावर कळलं की इथे हिंदीत शिकवलेले अभ्यासक्रमही आहेत. तिच्या विषयाशी जुळणारा एक मिळाला. कॉलेजात विचारून आली, चालेल म्हणाले. नाव नोंदवण्याची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते.

दोन महिने ती पोर रोज रात्री न कळणारं काहीतरी ऐकत बसली असती. विचारायची लाज वाटते म्हणून. वर्गात विचारलं तर हसतील, मैत्रिणींना विचारलं तर त्यांना वाटेल हिला एवढंही येत नाही. मला विचारायला लाज वाटली नाही, कारण मला तिच्याहून कमी येत होतं. आमच्यात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यात वाचण्याच्या बरोबरीने विचारणं, पृच्छना, हाही एक आहे. इतकी वर्षं मी ते नुसतं पाठ म्हणत आले. विचारणं हे वाचण्याइतकंच मोठं का मानलं असेल, ते मला या टेबलाशी उमगलं.

वडिलांशी मी फोनवर बोलले. वाद घातला नाही. एवढंच सांगितलं, "मुलगी हुशार आहे, चूक अर्जाची झाली, अभ्यासाची नाही. एक सत्र द्या." ते म्हणाले, "तुमच्या शब्दाखातर, एक." तेव्हापासून परीक्षा तिची होती आणि धाकधूक माझी. परीक्षेच्या अर्जाची पावती तिने मला आणून दाखवली, स्वतःच्या ईमेलवर आलेली. मी ती दोनदा वाचली. निकाल लागला, पास झाली. फार मोठे गुण नाहीत, पण क्रेडिट जमा झाले. बऱ्हाणपूरला जाताना तिने निकालाचा कागद छापून नेला. वडील स्क्रीनवर विश्वास ठेवत नाहीत, म्हणाली. स्थळाचं पुढे कुणी काही बोललं नाही, निदान अजून तरी.

परवा वर नवी मुलगी आली, सेंधव्याची. सामान लावून झालं नाही तोच आमची बऱ्हाणपूरकरीण तिला खाली घेऊन आली. वही काढली, पहिलं पान उघडलं. मी आत कांदे-बटाटे वगळून पोहे करत होते, तिथून ऐकू येत होतं.

"ईमेल किसका है?"

"पापा का."

"तो पहले अपना बनाओ. फिर बाकी सब."

मी गॅस बारीक केला. तिला म्हटलं नाही काही. पोहे जरा जास्तच केले.