सावित्रीकाठची पेठ

वाचकहो, भाताची झोडणी उरकली, पेंढ्याची उडवी रचून झाली आणि चार दिवसांची सवड मिळाली, की घरातल्या पोराबाळांना घेऊन एकदा महाड-पोलादपूरकडे या. रायगड पाहायला तर तुम्ही येणारच. महाडहून गड पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. एस.टी. स्थानकावर उतरायचे, गडाची गाडी धरायची, राजांच्या समाधीपुढे माथा टेकायचा आणि संध्याकाळी परत फिरायचे, असा बहुतेकांचा शिरस्ता. महाड गाव मात्र पाहायचे राहून जाते. यंदा तसे करू नका. हमरस्ता सोडून आत चालत जा आणि महाडची जुनी बाजारपेठ पाहा.

तुम्ही म्हणाल, पेठेत काय पाहायचे? किराणा, कापड, भांडी, कोयते-विळे, सुकी मासळी हे तर आमच्या तालुक्याच्या गावीही मिळते. खरे आहे. पण या पेठेत एक गोष्ट अशी आहे की ती आपल्याकडच्या पेठांनीही ऐकावी. कोणत्याही जुन्या दुकानदाराला विचारा, "शेठ, पाणी कुठवर आले होते?" तो बोलण्याआधी हात वर करील. हात किती वर जातो, ते नीट पाहून ठेवा.

घाट आणि बंदर यांच्या मधले गाव

महाड वसले ते सावित्री नदीमुळे. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी पोलादपूरवरून खाली येते, महाडला तिला गांधारी मिळते, आणि पुढे दासगाव, बाणकोट करीत ती हरिहरेश्वराजवळ समुद्राला जाते. भरतीचे पाणी खाडीतून महाडपर्यंत चढते. पूर्वी त्या भरतीबरोबर गलबते आणि पडाव गावापर्यंत येत. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून पार घाटाने, वरंध घाटाने उतरे, खालून मीठ आणि मासळी वर जाई. दोन्हींची गाठ महाडच्या पेठेत पडे. गावाजवळच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या लेण्यांतल्या एका लेखात एका शेठीच्या घराण्याचे दान नोंदले आहे. व्यापार इथे इतका जुना आहे.

पेठ आणि खेडी यांचे नातेही तसेच जुने. महाशिवरात्रीनंतर महाडच्या वीरेश्वराचा छबिना भरतो, तेव्हा भोवतालच्या गावांच्या देवता पालखीत बसून त्याच्या भेटीला येतात. विन्हेऱ्याची झोलाई येते, तिची पेठेतले लोक वाट पाहतात. गावोगावची दैवते ज्या पेठेत भेटीला येतात, ती पेठ एकट्या दुकानदारांची कशी म्हणावी?

आषाढातला तो दिवस

२०२१ साली आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. २२ जुलैला घाटमाथ्यावर पाऊस कोसळू लागला. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. एवढा पाऊस पुष्कळ तालुक्यांत अख्ख्या पावसाळ्यातही होत नाही. पौर्णिमा तोंडावर आल्याने समुद्राच्या भरतीलाही जोर होता. वरून नदी येत होती आणि खालून खाडी तिला वाट देत नव्हती. मध्ये सापडले महाड. पेठेतली दुकाने बुडाली, माणसे माडीवर, छपरावर जाऊन बसली. वीज गेली, फोन बंद पडले, रस्ते तुटले.

त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. या मुलखाला हे दुःख नवे नव्हते. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक जीव गेले होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा १९२८ सालचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्याही गेल्या. नवा पूल पुढच्याच जूनमध्ये, २०१७ साली, खुला झाला. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

फावडी आणि घमेली

पूर ओसरला की लोकांना वाटते संकट टळले. पुराची माणसे मात्र सांगतात, खरे काम तेथून पुढे सुरू होते. पाणी गेले आणि चिखल राहिला. दुकानात धान्याची पोती कुजली, साखर विरघळली, कापडाचे तागे मातकट झाले, औषधे वाया गेली, खतांच्या पोत्यांचा दगड झाला, उधारीच्या वह्यांची पाने एकमेकांना चिकटली. शेतकऱ्याला या वहीचे मोल ठाऊक आहे. ऐन लावणीत पैसा हाताशी नसताना त्याच वहीच्या भरवशावर खताचे पोते घरी येते. पेठ बुडाली की तिच्याबरोबर खेड्याची पतही बुडते.

मग फावडी आणि घमेली निघाली. महाडकर स्वतः तर राबलेच. मुंबई-ठाण्याकडच्या महापालिकांची सफाई पथके आली, सेवाभावी संस्था आल्या, ठिकठिकाणची तरुण मंडळे आली. कोणी जेवणाची पाकिटे आणली, कोणी पाण्याचे टँकर, कोणी नुसते हात आणले. ओळखपाळख नसलेल्या माणसांनी एकमेकांच्या ओट्यावरचा चिखल ओढला. दुकाने पुन्हा उघडली. हा या पेठेच्या नव्याने उभे राहण्याचा पहिला भाग झाला. तो डोळ्यांना दिसतो आणि त्याची छायाचित्रेही निघतात.

दुसरा भाग तितका दिसत नाही. दुकान धुऊन उघडले, पण नदीच्या पोटात गाळ तसाच असेल तर पुढच्या आषाढात काय करायचे? महाडकर नागरिक पूर निवारणासाठी एकत्र आले आणि सावित्री-गांधारीतला गाळ काढा, म्हणून त्यांनी सरकारकडे धरणे धरले. दासगावजवळ खाडीत कोकण रेल्वेचा भराव आहे, तेथे पुराच्या पाण्याला वाट करून द्या, अशीही त्यांची मागणी राहिली. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणही त्याच दिवशी बुडाले होते. तिथल्या लोकांनी वाशिष्ठी आणि शिव नद्यांतला गाळ काढावा म्हणून २०२१ च्या डिसेंबरात साखळी उपोषण केले. या रेट्याने दोन्हीकडे नदीपात्रात यंत्रे उतरली. महाडला २०२२ च्या पावसाळ्याआधी गाळ उपसण्याचे काम झाले.

मंडळी, यातून घेण्यासारखे हे, की संकटात सगळेच धावतात, पण चिखल वाळल्यावर अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवायला चिकाटी लागते. पेठा वाचतात त्या या चिकाटीने.

पाणी कोणाचे?

आता पेठेतून चवदार तळ्याकडे चला. पायऱ्यांवर घटकाभर बसा आणि मुलांना इथली हकिगत सांगा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले, पण अस्पृश्य मानलेल्या माणसाला ओंजळभर पाणी घेण्याची सोय नव्हती. १९२७ च्या मार्चात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा तळ्याच्या गावात जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांना मारहाण झाली, तळे 'शुद्ध' करण्याचा प्रकारही झाला, आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची तर मंडपाला कोणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबरला तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ च्या मार्चात मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

पेठेच्या गोष्टीत हे का सांगितले? कारण गाव नव्याने उभे करायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रस्ते, दिवे आणि रंगवलेली दुकाने येतात. त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: या गावात सर्वांना सारखे उभे राहता येते का? त्या प्रश्नाचे उत्तर महाडला मोठ्या लढ्यानंतर मिळाले. आज २० मार्चला देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे या तळ्यावर येतात. २०२१ च्या चिखलात फावडे चालवणाऱ्याची जात कोणी विचारली नसेल. तशीच रीत कोरड्या दिवसांतही राहिली पाहिजे.

वरचा डोंगर, खालची पेठ

दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरा आणि पोलादपूरला जा. महाडपासून सुमारे अठरा किलोमीटर. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी इथे आहे, आणि तालुक्यातच उमरठला सुभेदार तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. दोन्ही ठिकाणी जा. मग पोलादपूरच्या बाजारात थोडा वेळ थांबा.

इथली काळजी वेगळी आहे. मुंबई-गोवा हमरस्ता आता गावाच्या मधून खोल कापून नेला आहे. पुढे कशेडी घाटाला टाळणारा बोगदा २०२३ च्या गणपतीत प्रथम वाहतुकीला खुला झाला. प्रवास सुखाचा झाला, वेळ वाचला, हे चांगलेच झाले. पण जो चाकरमानी पूर्वी घाट चढण्याआधी चहाला थांबायचा, त्याची गाडी आता खालून निघून जाते. अशा वेळी बाजाराने कोणाकडे पाहावे? वर आंबेनळी घाटाकडे आणि वाड्या-कोंडांकडे पाहावे. नाचणी, वरी, काजू, कोकम, फणस, करवंदे पिकवणारी गावे तिथे आहेत. पर्यटक घाटाने महाबळेश्वर-प्रतापगडाला जातो, तो नाचणीचे पापड आणि कोकम आवडीने घेईल. ते बचत गटाच्या बाईच्या हातून घेईल, की परगावच्या छापील पिशवीतून, हे आपणच ठरवायचे आहे.

आणि या डोंगराचे दुसरे देणे पाण्याबरोबर खाली जाते. उताराची माती पावसाने धुपली की ती पऱ्यात येते, पऱ्यातून सावित्रीत आणि सावित्रीतून महाडच्या पेठेत. पेठेतला माणूस जो गाळ यंत्राने उपसतो, तो आपल्या वरकसातला कस असतो. म्हणून वणवा लागू न देणे, उतारावर समतल चर खणणे, ढासळलेला दगडी बांध पावसाआधी रचून घेणे, बोडक्या वरकसात काजू-आंबा लावणे, ही कामे शेताची आहेत तशीच पेठेचीही आहेत. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणातल्या कितीतरी वरकस जमिनीवर झाडे उभी राहिली. ते काम थांबवू नका.

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. अतिवृष्टीत जमिनीला नव्या भेगा पडल्या, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, घराच्या भिंतीला तडे गेले, तर उजाडायची वाट पाहू नका. म्हातारी माणसे आणि पोरे घेऊन सुरक्षित जागी निघा आणि शेजारच्या वाडीलाही हाक द्या. भांडीकुंडी पुन्हा घेता येतील.

परत निघताना

महाडला परत या. पुलावर क्षणभर थांबून सावित्रीकडे पाहा. उन्हाळा असेल तर काठावर मगरीही ऊन खात पडलेल्या दिसतील. नदी शांत असते आणि गेल्या आषाढाची आठवण तिच्या तोंडावर दिसत नाही. मग पेठेत जा आणि काही तरी विकत घ्या. एखादा विळा, पोरीला बांगड्या, घरी न्यायला सुकी मासळी, काहीही चालेल.

आणि घरी पोहोचल्यावर आपल्या तालुक्याच्या पेठेकडे एकदा नव्या नजरेने पाहा. तिथल्या गटाराचे पाणी कुठे जाते, ओढ्यावर कोणी भराव घातला आहे, कोणाला ओट्यावर बसू देतात आणि कोणाला देत नाहीत, आणि आपल्या बांधावरची माती दर पावसाळ्यात कुठे जाऊन साचते, हे विचारा. ग्रामसभेत विचारा, नगरपालिकेच्या दारात विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा. महाडच्या दुकानदाराचा तो वर गेलेला हात आठवला, की ते विचारायचे धैर्य येईल.