काम करते ती हवा!

प्लास्टिकची शीट साच्यावर ओढली जात नाही, ढकलली जाते! बोईसरच्या तारापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या गाळ्यात व्हॅक्यूम फॉर्मिंग पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय.

शिरगावच्या किनाऱ्यावर वाढलेल्याला वारा ठाऊक असतो. पण स्थिर हवेलाही वजन असतं, हे मी शाळेत नुसतं पाठ केलं होतं. ते बोईसरला दिसलं.

ऑपरेटरदादांनी पॉलिस्टायरीनची पांढरी शीट चौकटीत आवळली, वर हीटर आणला. "आता शीटवरून नजर हलवू नका," म्हणाले. शीट आधी सुरकुतली. मग ताणून सपाट झाली. मग मधोमध पाळण्याच्या झोळीसारखी खाली आली. हाच इशारा! घाई केली तर कोपरे भरत नाहीत, उशीर झाला तर शीट पातळ होऊन फाटते. दादांचं घड्याळाकडे लक्षच नव्हतं. ते झोळ बघत होते.

हीटर मागे, साचा वर, पंप सुरू, आणि पापणी लवायच्या आत समोर खणाखणांचा ट्रे! साच्यावर कोरलेली अक्षरंसुद्धा उमटलेली! साच्याला जेमतेम मिलिमीटरभर भोकं असतात. पंप त्यांतून फक्त शीटखालची हवा काढून घेतो. पुढचं सगळं वरची हवा करते. समुद्रसपाटीला तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. म्हणजे 2 फूट लांब, 2 फूट रुंद शीटखाली पूर्ण पोकळी झाली, तर वरून पावणेचार टनांच्या आसपास भार! गार झाल्यावर त्याच भोकांतून उलटी हवा सोडली की ट्रे अलगद सुटतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरतात त्या इंजेक्शन मोल्डिंगमध्ये दाब दर चौरस सेंटिमीटरला शेकडो किलोंचा, म्हणून तिथे पोलादी, दोन भागांचा महागडा साचा लागतो. इथे साचा एकाच बाजूचा, ॲल्युमिनियमचा. थोडेच नग हवे असतील तर लाकडाचासुद्धा चालतो! म्हणून तर हा उद्योग एवढ्याशा गाळ्यात उभा राहतो.

आज फ्रिज उघडलात तर आतल्या पांढऱ्या भिंतीवरून हात फिरवा. तीही एकेकाळी सपाट शीटच होती. आणि पालघर-बोईसरच्या शिक्षकांनो, वातावरणाचा दाब शिकवाल त्या आठवड्यात मुलांना अशा एखाद्या गाळ्यात न्याच. धडा त्यांच्या डोळ्यांसमोर आकार घेईल!