आपलं म्हणजे कुणाचं

तुकोबांची पालखी सराटीचा पूल ओलांडून अकलूजला येते, तो दिवस आमच्या घरी दिवाळीपेक्षा मोठा. सराटीला पादुकांना नीरास्नान घडतं, पुलापलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. मग गावात गोल रिंगण होतं आणि रिंगण पांगलं की दारोदार पंगती बसतात. मी नववीत असताना आमच्या पडवीत बीडकडचे काही वारकरी उतरले होते. त्यांतले एक आजोबा संध्याकाळी वडिलांबरोबर मळ्यात आले. कालव्याची पाळी चालू होती आणि दंडाचं पाणी उसात शिरत होतं. आजोबा बांधावर बसून बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "लई पाणी हाय दादा. कुणाचं म्हणायचं हे?"

"आपलंच की, माउली. पट्टी भरतो."

"पट्टी भरली म्हंजे आपलं होतं का?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना ते खरंच समजून घ्यायचं होतं. वडील गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी पालखी माळीनगरच्या दिशेनं गेली आणि आजोबाही गेले. प्रश्न मात्र आमच्या बांधावरच राहिला.

गेल्या वर्षी भाचीनं अकरावीला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय घेतले. घरात सगळ्यांनी एकच विचारलं, "त्याचा उपयोग काय?" तिला उत्तर देता आलं नाही, आणि मलाही तिच्या बाजूनं लगेच काही सुचलं नाही. आपल्या बोलण्यात हा शब्द येतोही कसा, तर समोरच्याला थांबवायला: 'आता तत्त्वज्ञान सांगू नकोस.' त्या रात्री मला बांधावरचे आजोबा आठवले. शाळेची पायरी ते चढले होते की नाही, कोण जाणे. पण त्यांनी केलं ते तत्त्वज्ञानच होतं. आपण दिवसातून शंभरदा वापरतो त्या एका शब्दापाशी, 'आपलं' या शब्दापाशी, ते थांबले आणि तो उलटून बघितला.

हे थांबणं महाराष्ट्राला परकं नाही. प्रतापशेठ या गिरणीमालकानं १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभारलं आणि विचार करू पाहणाऱ्या तरुणांची तिथे राहण्या-जेवणाची सोय केली. साने गुरुजींनीही तिथे काही काळ अध्ययन केलं. कापूस आणि केळीच्या मुलखातल्या एका व्यापाऱ्याला हा खर्च वायफळ वाटला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

पण माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट त्याहून जुनी आहे. तुकोबांचं घर सावकारीचं. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळानं त्या घराची आणि मुलखाची दैना केली. पुढे त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, निम्मी भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. लहानपणी मी हे वैराग्य म्हणून ऐकलं. आता भावाला दिलेल्या त्या निम्म्या कागदांवर माझं मन अडतं. भावाचं ते भावाचं. माझं जे आहे, ते तरी खरंच माझं आहे का, एवढंच त्यांनी स्वतःला विचारलं असणार. असा माणूस दरवर्षी पालखीतून आपल्या गावात येतो, आपण वाकून दर्शन घेतो आणि तो प्रश्न तेवढा बाजूला ठेवतो.

आमच्या भागात हा प्रश्न पाण्याचाच आहे. हा तालुका मुळात कमी पावसाचा. नीरा उजव्या कालव्यानं त्याचं नशीब पालटलं. १९३०च्या दशकात सासवडचे माळी शेतकरी इकडे आले, त्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला आणि माळीनगर वसलं. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे, आमचंही घर उसावरच उभं राहिलं. पण त्याच सासवडच्या पुरंदर तालुक्यात, नायगावला, १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. हे पेशानं अभियंते आणि उद्योजक. त्यांचे नियम ऐकले तेव्हा मी हादरलो. पाणी जमिनीच्या हिशेबानं द्यायचं नाही, माणशी द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ज्याला जमीन नाही त्यालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि ऊस लावायचा नाही.

यातला शेवटचा नियम आमच्याकडे सगळ्यांना झोंबतो आणि चर्चा तिथेच संपते. मला मात्र भूमिहीनाचा नियम मोठा वाटतो. पंप, पाइप, चर यांचं गणित कुठलाही अभियंता मांडेल. ज्याच्याकडे भिजवायला जमीनच नाही, त्याचा पाण्यावर हक्क कसा, हे मात्र गणितातून निघत नाही. त्यासाठी आधी कुणालातरी पाणी म्हणजे काय आणि माणूस म्हणजे काय, हे ठरवावं लागतं. आज आमच्या शेतात ठिबक आहे, जमिनीतला ओलावा मोबाइलवर दिसतो. किती पाणी द्यायचं ते कळतं. कुणाचं द्यायचं, हे तो मोबाइल विचारत नाही. मग ते विचारायचं काम आपलंच उरतं, आणि यंत्रं जेवढी हुशार होतील तेवढं ते जास्त उरणार.

तत्त्वज्ञानाच्या नावाखाली दुसरंही एक चालतं, ते मला सोसत नाही. दुसऱ्याच्या दुःखावर 'प्रारब्ध' म्हणून हात झटकणं. कर्ज झालं, प्रारब्ध. बोअर कोरडी गेली, प्रारब्ध. हा शब्द प्रश्न मिटवतो. आजोबांनी प्रश्न उघडला होता.

आता जे सांगायचं ते सांगताना जड जातं. आषाढात बीडहून येणाऱ्यांना आम्ही माउली म्हणतो, पाया पडतो, गरम पाण्यानं त्यांचे पाय धुतो. दिवाळी सरली की त्याच जिल्ह्यातून माणसं उसाच्या तोडणीला येतात. तेव्हा ती 'टोळी' होते. फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या पडतात. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते आणि हिशेब कोयत्यांवर चालतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात, आणि वहीत दोघांचा मिळून एक कोयता लागतो. मी वीस वर्षं हा शब्द वापरला. त्यात दोन माणसं आहेत, हे मला माहीत होतं, पण कधी जाणवलं नव्हतं. भाचीनं तिच्या पुस्तकातला धडा मला समजावून सांगितला, शब्द आणि वस्तू यांच्या नात्याचा, तेव्हा मला घाम फुटला.

गेल्या हंगामात टोळी फडात उतरली त्या सकाळी मी वही घेऊन गेलो. मुकादमानं नेहमीसारखी यादी सांगितली, पुरुषांची नावं, प्रत्येकापुढे एक कोयता. मी विचारलं, "आणि बायांची?" त्याला सगळी सांगता आली नाहीत. मग मी स्वतःच एकेकीपाशी जाऊन नाव विचारत गेलो. काहींनी आधी नवऱ्याकडे बघितलं. एक थोरल्या बाई मात्र मोळी बांधता बांधता सरळ उभ्या राहिल्या, नाव सांगितलं आणि वहीकडे बोट करून म्हणाल्या, "लिहिलं का? वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं.