एका सहीसाठी सुरत

गेल्या दिवाळीत लंडनहून सुरतेला गेलो तो सुट्टीपेक्षा एका सहीसाठी. ताईची मुलगी इंग्लंडमध्ये मेडिकलला आहे. तिथे शेवटच्या वर्षांत काही आठवडे ‘इलेक्टिव्ह’ असतं. हव्या त्या देशातल्या रुग्णालयात जाऊन शिकायचं, पण जागा आपली आपण शोधायची. मैत्रिणी ऑस्ट्रेलिया, टांझानिया म्हणत होत्या. ही म्हणाली, “मामा, मला सुरत.”

कारण 1994. त्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो लोक सुरत सोडून गेले, त्यांत आम्हीही होतो. मी पाच वर्षांचा, तोंडाला बाबांचा रुमाल बांधलेला. उधन्याहून खानदेशाकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. नवापूर आलं तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. (नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. नेमका कुठल्या अर्ध्यात पडला, हा घरातला जुना वाद आहे.) पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि शहर ओळखू येईना इतकं स्वच्छ झालं. भाची या गोष्टींवरच वाढली. तिला संसर्गजन्य रोगांचा विभाग बघायचा होता.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. सुबक ईमेल, पाच पीडीएफ, पाठवलं आणि निर्धास्त झालो. तीन महिने उत्तर नाही. जानेवारीअखेर संमतिपत्र आलं नाही तर तिचं विद्यापीठ तिला जवळच्याच कुठल्यातरी रुग्णालयात टाकणार होतं.

सुरतेत सरकारी मेडिकल कॉलेजचं न्यू सिव्हिल आहे, महापालिकेचं स्मीमेर आहे, खासगीही पुष्कळ. आम्ही कुठे गेलो ते लिहीत नाही, कारण चूक माझीच होती. सकाळी लोचो खाऊन फाइल घेऊन पोचलो, तर कारकुनाने पहिल्या मिनिटात आमचा लोच्या सांगितला. अर्ज सर्वसाधारण पत्त्यावर गेला होता. तो आधी विभागप्रमुखांकडे जायला हवा, मग डीनकडे. शिवाय ‘शिकायचं आहे’ एवढंच लिहिलेलं. काय बघणार, किती आठवडे, रुग्णाला हात लावणार की नुसतं निरीक्षण, यातलं काहीच नाही.

तुमच्यापैकी कुणी अर्ज करणार असाल तर हे आधी लिहा. विद्यापीठाचं पत्र, लसीकरणाची नोंद आणि विम्याचा कागद सोबत जोडा. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे नियम कॉलेजला विचारा, आणि कुठला व्हिसा लागतो ते दूतावासाला. व्हॉट्सॲपवरच्या काकांना नको. आम्ही फक्त निरीक्षणाची परवानगी मागितली.

विभागप्रमुख बाईंनी कागद चाळले. “गुजराती येते तिला?”

“नाही. मराठी येते. घरातली.”

“मग चालेल. उधना, लिंबायतचे पेशंट येतात. आमच्या मुलांनाच त्यांचं बोलणं कळत नाही.”

सही तिसऱ्या दिवशी मिळाली. तोवर मी उधन्यात आमची जुनी चाळ शोधत फिरलो. चाळ गेली होती, पण लूमचा खडखडाट तोच.

एप्रिलमध्ये भाची पोचली. दुसऱ्याच दिवशी मेसेज, “मामा, एक आजी ‘पोट दुखस’ म्हणतात. दुखतंय असंच ना?”

अहिराणी माझी कच्ची. मी ताईला विचारलं. ताईने परस्पर लेकीलाच फोन लावला, आणि पुढचा अर्धा तास दोघींचेही फोन बिझी होते.